आधी वजनकाटा, मग बाकीचं: गोव्याहून आफ्रिकेच्या सफरीसाठी गाडी तयार करताना

मोम्बासाला गाडी उतरवायची आणि केपटाउनपर्यंत चालवत न्यायची, असं ठरलं की पहिले प्रश्न हमखास ठरलेले असतात. बंपर कुठला, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) किती टनाची, छतावरचा तंबू कुठून घ्यायचा? माझं म्हणणं, खर्चाची पहिली पावती वजनकाट्याची असू द्या. उसगाव, डिचोली, वेर्णा, जिथे ट्रकांची ये-जा आहे तिथे काटा सापडतोच. टाकी भरा, जायची ती माणसं बसवा आणि गाडी काट्यावर घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. तिन्ही आकडे लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवर ठरणार आहे.

हिशेब कसा बिघडतो ते पाहू. समजा मोकळी गाडी २,१५० किलोची आहे आणि कंपनीने गाडीवरच्या पट्टीवर दिलेली एकूण वजनाची मर्यादा २,७५० किलो. म्हणजे हातात ६०० किलो. आता एकेक वस्तू मांडा. दोन माणसं १५०, जादा ६० लिटर डिझेल ५०, पाणी ६० लिटर म्हणजे ६०, छतावरचा तंबू ६०, कॅरिअर ३५, लोखंडी बंपर ५०, पोलादी दोराची विंच ३८, दुसरी बॅटरी २५, दुसरी स्टेपनी ३५, भरलेला फ्रिज ४०, हत्यारं आणि सुटे भाग ५०, स्वयंपाकाचं सामान आणि शिधा ६०, कपडे-अंथरुण ४०, पोटाखालचे संरक्षक पत्रे ४०. बेरीज ७३३ किलो. यात चैनीची एकही वस्तू नाही, तरी मर्यादेपेक्षा १३३ किलो जास्त.

आता बंपर आणि विंच काढा, ८८ किलो गेले. छतावरच्या तंबूऐवजी जमिनीवर लावायचा १२ किलोचा घ्या, आणखी ४८ गेले. उरले ५९७. गाडी मर्यादेत आली, आणि गेलेलं सगळं वजन एक तर छतावरचं होतं किंवा पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकणारं. वजन नको त्या जागी असतं ते हेच. लोखंडी बंपरविरुद्ध आपल्याकडे आणखी एक कारण आहे: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांवर बंदीचं पत्रक काढलेलं आहे. आरसीवरची गाडी आणि प्रत्यक्षातली गाडी यांत जितका फरक कमी, तितकी कस्टमची खिडकी लवकर सुटते.

वजनाचा एवढा आग्रह का, याचं उत्तर रस्त्यात आहे. आफ्रिकेत गाड्या मोडतात त्या दगडांवर किंवा दऱ्यांत नव्हे, साध्या सपाट कच्च्या रस्त्यावर मोडतात. त्या रस्त्यावर आडव्या लाटा तयार झालेल्या असतात, अगदी पन्हाळी पत्र्यासारख्या. चाक एका बारीक उंचवट्यावरून उडतं, पलीकडे आपटतं, तिथली माती दाबली जाते आणि थोडी पुढे ढकलली जाते. हजारो चाकांनी हेच केलं की अख्खा रस्ता पत्रा होतो. उत्तर केनिया, पश्चिम टांझानिया, नामिबियाचा काओकोवेल्ड, सगळीकडे शेकडो किलोमीटर हेच. २० च्या वेगाने गेलात तर चाक प्रत्येक लाट मोजतं. ६० ते ७० ला गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगल्यासारखी जाते आणि आत शांतता वाटते. पण त्या वेळी टायर जमिनीला नीट टेकलेलेच नसतात. ब्रेक लांब लागतो, वळणावर मागची बाजू बाहेर जाते. शांत वाटलं म्हणून वेग वाढवू नका.

या हादऱ्यात सगळ्यात आधी मरतो तो शॉकअप. त्याचं काम स्प्रिंगची हालचाल उष्णतेत बदलायचं. तासभर लाटांवर गेलं की आतलं तेल तापतं, पातळ होतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि शॉकअप नुसता वरखाली होतो. मग सील जातं, तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. थांबल्यावर नळीवर काळा ओला पट्टा दिसला तर ते हेच. वजन जास्त असेल तर हे निम्म्या वेळात घडतं. उपाय साधे आहेत. मागचे स्प्रिंग रोजच्या खऱ्या वजनाला जुळणारे बसवा. गाडी ३० ते ४० मिलिमीटर उचलली तर पुरे, त्याहून जास्त नको. शॉकअप जाड नळीचे, जास्त तेलाचे घ्या. मागचे दोन सुटे बरोबर ठेवा, त्यांचे रबरी बुशही. आणि दर तासा-दीड तासाने दहा मिनिटं थांबा. शॉकअपला हात लावण्याआधी जवळ नेऊन ऊब पाहा. चारांपैकी एकच गार असेल तर तो काम करत नाही.

शॉकअपनंतर पाळी येते ती बॅटरीच्या ट्रेची, कॅरिअरच्या पायांची, रेडिएटरच्या ब्रॅकेटची, बॉनेटच्या कुलपाची. लोखंड वाकत नाही, ते चिरतं. चीर नेहमी वेल्डिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या भोकापासून सुरू होते. म्हणून गोव्यात असतानाच कॅरिअर आणि ब्रॅकेटचं प्रत्येक वेल्डिंग पुसून, टॉर्च तिरकी धरून बघा. नट साधे असतील तर नायलॉनचे नट बसवा. घट्ट केल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून खालच्या पत्र्यावर जाईल अशी पिवळ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ मारा. संध्याकाळी गाडीखाली टॉर्च मारली की रेघ सरळ आहे की तुटली आहे ते पाना न लावता कळतं. शॉकअपचे बोल्ट, स्टीअरिंगचे जोड, यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्ट, कॅरिअर, स्टेपनीची बैठक, इतक्या ठिकाणी रेघा हव्यातच. यू-बोल्ट नवे बसवले असतील तर पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा ताणा, ते थोडे ढिले होतातच.

आत ठेवलेल्या सामानाचंही तसंच. कॅनमधलं पेय, टिनचे डबे, पातेली एकमेकांवर घासत राहिली तर दोन दिवसांत ॲल्युमिनियमच्या कॅनला भोक पडतं. प्रत्येक वस्तूला जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळा आणि पेटी गच्च भरा. अर्धी भरलेली पेटी सगळ्यात वाईट. हेच घासणं गाडीच्या पोटाखालीही चालू असतं: ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग जिथे चेसिसला टेकतं तिथे तिथे रबरी पाइप उभा चिरून चढवा आणि प्लास्टिकच्या टायने बांधा.

आता हवा. लाटांवर, वाळूत, दगडांत, सगळीकडे सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी सुधारणा म्हणजे टायरातली हवा कमी करणं, आणि हीच गोष्ट आपल्याकडे लोक करायला घाबरतात. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं समजतात. रुंदी थोडीच वाढते. वाढते ती जमिनीवर टेकलेल्या ठशाची लांबी. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांब होतो, वजन पसरतं, गाडी बुडत नाही, आणि लाटेचा पहिला धक्का शॉकअपपर्यंत जाण्याआधी टायरच पितो.

लादलेल्या गाडीला डांबरावर ३६ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर चांगल्या कच्च्या रस्त्यावर २८ ते ३०, लाटांवर २४ ते २६, वाळूत १६ ते १८. फार मऊ वाळूत अडकलात तर १२ ते १४, पण तेवढ्यापुरतंच; त्यावर तीव्र वळण घेतलं तर टायर रिमवरून उतरतो. हवेबरोबर वेगही उतरायला हवा: २६ ला ८० च्या आत, १८ ला ४० च्या आत, १४ ला माणसाच्या धावण्याइतका. कमी हवेत वेगाने गेलात तर टायरची बाजू सतत दुमडून तापते, आतले धागे सुटतात आणि पन्नास किलोमीटरनंतर टायर फाटतो. तेव्हा दोष दगडाला दिला जातो, पण कारण उष्णता असतं.

आकडा गाडीगणिक बदलतो म्हणून घरीच एक मोजमाप करून ठेवा. सिमेंटच्या अंगणात पूर्ण लादलेली गाडी उभी करा. रस्त्याच्या हवेवर मागच्या टायरच्या रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. ती १६ सेंटिमीटर भरली तर हवा सोडत सोडत १२ वर आणा, म्हणजे तीन चतुर्थांश. त्या वेळी गेजवर दिसेल तो तुमच्या गाडीचा वाळूचा आकडा. टायरच्या पुढे-मागे खडूने रेघ मारून ठशाची लांबी दोन्ही वेळा मोजली तर हे सगळं डोळ्यांना पटतं. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे येतील, ते तसेच येऊ द्यात. दोन्ही आकडे डॅशबोर्डवर चिकटवा.

प्रवासात हवा बरोबर आहे का हे तपासायची एक खूण आहे. सकाळी थंड टायर मोजा, तासाभराने पुन्हा मोजा. हवा ४ ने वाढली असेल तर ठीक. ८ ने वाढली असेल तर टायर फार तापतोय: हवा वाढवा, किंवा वेग कमी करा, किंवा वजन. ४ पेक्षा कमी वाढली तर अजून थोडी सोडायला जागा आहे.

कॉम्प्रेसर सिगारेट लाइटरच्या सॉकेटवर चालणारा नको. चांगला कॉम्प्रेसर ३० ते ४५ अँपिअर ओढतो आणि तो सॉकेट १० ते १५ अँपिअरच्या फ्यूजवर असतो. थेट बॅटरीला चिमटे लावा, इंजिन चालू ठेवा. टायर कमर्शिअल बांधणीचे, म्हणजे बाजूवर आकाराआधी ‘एलटी’ छापलेले, आणि शक्यतो १६ इंची रिमचे घ्या. १८ इंची रिमला बाजू कमी उरते, हवा सोडायला वावच राहत नाही, आणि आडगावात त्या मापाचा टायर मिळत नाही. लोइयांगालानीच्या आसपास तुर्काना सरोवराकाठी लाव्हाचे धारदार दगड टायरची बाजूच कापतात, तिथे दुसरी स्टेपनी जागेवर वसूल होते. पंक्चरच्या वाती ४०, व्हॉल्व्हचे आतले पिन १०, टायर काढायच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि आतून लावायचे मोठे पॅच, एवढं एका डब्यात.

गोव्यातल्या गाडीचा मात्र एक खास आजार आहे, त्याचं निदान निघण्याआधीच व्हायला हवं: गंज. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस चेसिसच्या आतून काम करत असतो. वरून काळा रबरी थर मारलेला असला की सगळं ठाकठीक दिसतं, पण त्या थराखाली पाणी अडकतं आणि पत्रा पापुद्र्यांनी सुटतो. हातोडीने हलके ठोकत जा. टणक आवाज आला तर लोखंड शाबूत, भद्द आवाज आला तर तिथे खरवडा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, बॉडी जिथे चेसिसवर बसते ते रबर, मागच्या ॲक्सलवरून जाणारी ब्रेकची लोखंडी नळी, टाकीचे पट्टे, या जागा आधी. गोव्याच्या रस्त्यावर दहा वर्षं टिकलेला अर्धवट गंजलेला हँगर लाटांच्या रस्त्यावर दोन दिवसांत तुटू शकतो. गंजावरून रंग मारू नका. वायर ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा, झिंक प्रायमर लावा, वरून रंग, आणि चेसिसच्या पोकळीत मेणयुक्त फवारा. हे काम डिसेंबर ते मार्च या कोरड्या दिवसांतच होतं.

म्हणूनच सगळ्याचं वेळापत्रक वर्षभर आधी सुरू होतं. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे, आणि दक्षिणेकडच्या देशांत कोरडा मोसम साधारण मे ते ऑक्टोबर. जूनमध्ये मोम्बासाला गाडी हातात आली तर पावसाच्या मागे मागे दक्षिणेला सरकत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत केपटाउन गाठता येतं. त्यासाठी गाडी एप्रिल-मेमध्ये न्हावा शेवाहून निघायला हवी. मग मागे मोजा: जानेवारीत कागदपत्रं, डिसेंबरपासून गंज आणि सस्पेन्शन, आणि त्याआधीचा पावसाळा गळती शोधायला. जुलैत सत्तरीकडच्या पावसात दोन तास चालवलेल्या गाडीचे दरवाजे उघडून गालिचाखाली हात घाला. जिथून पाणी आलं तिथूनच आफ्रिकेत धूळ येणार.

चिखलाचा सराव इथे भरपूर होतो, वाळूचा होत नाही. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात बेकायदा आहे आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. सरावासाठी किनाऱ्यावर उतरू नका. वाळू शिकायची तर जैसलमेरकडे जा.

गाडी कुठली, यावर वाद खूप होतात. माझा निकष एकच: वाटेवर सुटे भाग कुठे मिळतात. टोयोटाची हायलक्स डर्बनला बनते आणि पूर्व आफ्रिकेतही टोयोटाचे भाग लहान गावांत मिळतात. महिंद्राच्या पिकअपची जुळणीही डर्बनला होते, इसुझूची डी-मॅक्स पोर्ट एलिझाबेथला, ज्याला आता गकेबेरा म्हणतात. केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे डाव्या बाजूने चालवतात, तेव्हा आपली उजवं स्टीअरिंगवाली गाडी अडचणीची नाही.

डिझेलकडे मात्र लक्ष हवं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाच्या डिझेलवर बेतलेल्या आहेत, त्याआधीच्या बीएस-४ गाड्या ५० पीपीएमच्या. पूर्व आफ्रिकेत २०१५ पासून ५० पीपीएमचं मानक आहे. दक्षिण आफ्रिकेत पंपावर ५० आणि ५०० अशी दोन्ही प्रकारची डिझेल मिळतात, नीट बघून नळी उचला. जास्त गंधकाने धुराचा फिल्टर लवकर भरतो आणि गाडी मंद मोडमध्ये जाते. निवड असेल तर २०१७ ते २०२० मधली बीएस-४ गाडी घ्या. बीएस-६च असेल तर मोठ्या शहरांत टाकी काठोकाठ भरा आणि आडगावातलं ड्रममधलं डिझेल टाळा. डिझेल फिल्टर कमीत कमी चार सुटे हवेत, आणि त्याच्या तळातलं पाणी दर दुसऱ्या दिवशी काढायचं. कॉमन रेल इंजिनात पाण्याचा थेंब इंजेक्टर खराब करतो आणि तो रस्त्याकडेला दुरुस्त होत नाही.

कागदपत्रांत जीव अडकतो तो कार्नेमध्ये. गाडीचा पासपोर्टच तो: तात्पुरती आणली, परत नेणार, ड्युटी भरणार नाही, याची हमी. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. गाडीच्या किमतीच्या प्रमाणात तारण ठेवावं लागतं, मुदत एक वर्षाची. इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, स्टेपन्यांची संख्या, सगळं आरसीशी अक्षरशः जुळलं पाहिजे. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टम खालचा भाग फाडून ठेवतं, बाहेर पडताना मधला. वरचा भाग तुमच्या पुस्तकातच राहतो आणि त्यावर शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा असे दोन्ही शिक्के हवेत. गर्दीच्या नाक्यावर पासपोर्टवर शिक्का बसतो आणि कार्नेचा राहून जातो. पुढच्या देशात शंभर किलोमीटर गेल्यावर ते लक्षात आलं तरी परत फिरा, कारण त्या एका शिक्क्यावाचून तारण अडकतं. बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी यांचा कस्टम संघ एकच आहे, त्यामुळे त्यांच्या आपापसातल्या नाक्यांवर काय करायचं ते संघात शिरतानाच विचारून घ्या.

थर्ड पार्टी विम्यासाठी केनियात ‘कोमेसा यलो कार्ड’ काढा. टांझानिया, झांबिया, मलावी, युगांडापर्यंत ते चालतं, बोत्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेत वेगळी सोय. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत फॉर्म ४ए भरून मिळतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. परत येताना भारतातच तिचं प्रमाणपत्र मागतात. गाडीत दोन त्रिकोण आणि चमकणारं जाकीट, मागे ‘आयएनडी’ची पट्टी.

कंटेनर २० फुटी घेतला तर आतली लांबी सुमारे ५.९ मीटर, दाराची उंची २.२८ मीटरच्या आसपास. कॅरिअर लावून गाडीची उंची टेपने मोजा, कागदावरची नको. आत साधारण १.८५ मीटर रुंदीची गाडी उभी केल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम २५ सेंटिमीटर उरतात. दार उघडत नाही, चालक खिडकीतून किंवा मागच्या दारातून बाहेर येतो. म्हणून पुढे-मागे ये-जा करता येईल असा आतला मार्ग मोकळा ठेवा. टाकीत अगदी थोडं डिझेल, बॅटरीची तार सुटी, पट्टे चाकांना बांधलेले असावेत, चेसिसला नव्हे, म्हणजे सस्पेन्शन हललं तरी पट्टे ढिले होत नाहीत.

वाळूत अडकल्यावर पहिली चूक होते ती ॲक्सिलरेटर दाबायची. चाक फिरतं आणि स्वतःची कबर खणतं. गती गेली असं वाटताच पाय काढा, ब्रेक मारू नका, गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग होतो. मग आपल्याच चाकोरीत मागे या. मागे येत नसेल तर उतरा, हवा अजून चारने कमी करा, चारही चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, चाकांखाली वाळूत घालायच्या लांब पाट्या सरकवा. विंचला माझ्या यादीत जागा नाही याचं कारण हेच: दोन पाट्या, एक लांब दांड्याचं फावडं आणि कॉम्प्रेसर यांनी बहुतेक वेळा काम होतं, आणि कलहारीत विंच बांधायला झाड सापडेलच असं नाही.

दुसरी गाडी ओढणार असेल तर ताणला जाणारा पट्टा वापरा, ३ टनाच्या गाडीला सुमारे ८ टनाचा, आणि तो अडकवायला ४.७५ टनाचे शॅकल, म्हणजे लोखंडी कड्या. पट्टा ट्रेलरच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. गोळा तुटला तर तो गोळीसारखा काच फोडून आत येतो, माणसं मेली आहेत. चेसिसला पक्के बोल्ट केलेले ओढण्याचे हुकच वापरा, पट्ट्यावर मधोमध जाड कांबळ टाका, बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट अंतरावर उभं करा.

डिझेलचा हिशेबही वाळूच्या मापानेच करा. डांबरावर लिटरला १० देणारी गाडी वाळूत ५ देते. बोत्स्वानात माऊनहून मोरेमी, सावुती करत कासानेपर्यंत मध्ये पंपाची आशा धरू नये. वन्यप्राणी बघायला मारलेल्या फेऱ्या धरल्या की ८० लिटरची टाकी पुरत नाही. तिथेच माबाबेच्या सखल भागात काळी माती लागते, आपल्या देशावरच्यासारखीच. ओली असेल तर तिथे कुठलाच टायर चालत नाही. उन्हाचा एक दिवस थांबणं हाच उपाय.

एका धोक्याबद्दल भारतात फारसं कोणी बोलत नाही, आणि त्यानेच तिथे गाड्या जळून राख होतात. पावसाळ्यानंतर बोत्स्वाना आणि नामिबियाच्या वाटांवर दोन चाकोऱ्यांच्या मधोमध कमरेइतकं गवत वाढतं. मार्च ते जून त्याला बिया असतात. गाडी त्यावरून जाते तेव्हा कुसळं रेडिएटरच्या जाळीत शिरतात आणि वाळकं गवत पोटाखाली सायलेन्सरच्या आणि संरक्षक पत्र्याच्या मध्ये ठासून बसतं. सायलेन्सर शेकडो अंशांवर तापलेला असतो. आधी जळक्या गवताचा वास येतो, मग धूर, आणि पाच मिनिटांत काही उरत नाही. बीएस-६ गाडीत धुराचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा तर उष्णता आणखी वाढते. गवतात असताना ते होऊ देऊ नका.

रेडिएटरपुढे बारीक मच्छरजाळी बांधा, ती दर थांब्याला झटका. गवतात दर ५ ते १० किलोमीटरला थांबून गाडीखाली आडवे व्हा आणि वाकवलेल्या तारेच्या आकड्याने गवत ओढून काढा. हातमोजे घाला, सायलेन्सर भाजतो. पोटाखालच्या पत्र्यांना वरून हात जाईल अशी भोकं आधीच पाडून घ्या. अग्निशामक नळकांडं चालकाच्या हाताशी हवं, मागच्या सामानाखाली नको, आणि ५ लिटरचा औषध फवारायचा पंप पाण्याने भरून दाराशी ठेवा. पासपोर्ट, कार्ने आणि पैसे एका छोट्या पिशवीत, जी उतरताना खांद्यावर येईल.

पाण्यातून जाताना आपल्याकडची सवय बदलावी लागते. सत्तरीतला व्हाळ ओलांडताना माणूस काठी घेऊन आधी चालत जातो आणि तळ बघतो. लुआंग्वा किंवा ख्वाई नदीच्या काठी हे करायचं नाही. मगर आणि पाणघोडा दोन्ही असतात. तिथे आधीच्या गाडीच्या खुणा बघा, दुसरी गाडी जाईपर्यंत थांबा, नाहीतर वळसा घ्या. दोन्ही ठिकाणी एक नियम सारखा: तापलेली गाडी थेट पाण्यात घालू नका. ॲक्सलच्या मधलं गरम डिफरन्शियल एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दहा मिनिटं थांबा. डिफरन्शियलची हवा आत-बाहेर करणाऱ्या श्वासनळ्या रबरी पाइप लावून बॉनेटपर्यंत वर आणा. ओलांडल्यावर एक-दोन दिवसांत तेलाचा बोल्ट सैल करून बघा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर लगेच बदला. त्यासाठी गियर ऑइलचे चार लिटर बरोबर हवेत.

सुट्या भागांच्या पेटीत काय, तर जे मोडलं की गाडी जागेवर थांबते ते: पुढच्या चाकांचे बेरिंग आणि ग्रीस, फॅन बेल्ट, रेडिएटरचे वरचा-खालचा पाइप, क्लचच्या सिलिंडरची रबरं, प्रोपेलरचा क्रॉस, फ्यूज, रिले, एअर फिल्टर दोन. एअर फिल्टर हाताने आपटून झटका, जोरात हवा मारली तर कागद फाटतो आणि धूळ इंजिनात जाते. बांधायची तार, पाइपचे क्लॅम्प, एम-सील. डिझेलच्या टाकीला केसाएवढी चीर गेली तर त्यावर कपडे धुण्याचा साबण घासून भरा, गळती थांबते. टाकी रिकामी झाल्यावर एम-सील लावा. मोठ्या जॅकपेक्षा बाटलीचा जॅक आणि त्याखाली ३० सेंटिमीटर चौरस जाड फळी जास्त कामाची.

नामिबियाचे गुळगुळीत खडीचे रस्ते दिसायला सोपे, आणि परदेशी गाड्या उलटतात त्या तिथेच. खडी मोत्यांसारखी सरकते. ८० च्या वर जाऊ नका, फोर-बाय-फोर हाय लावून ठेवा, प्राणी आडवा आला तर स्टीअरिंग झटकू नका. समोरून ट्रक आला की वेग कमी करून डावीकडे व्हा, काच वाचते. अंधारात चालवू नका. काओकोवेल्डमधला व्हॅन झिल्स पास पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरायचाच आहे, उलट चढायचा नाही, आणि एकट्या गाडीने तिथे जाऊच नये.

केपटाउनला कंटेनरमध्ये घालण्याआधी गाडी खालून स्वच्छ धुवा, चेसिसच्या पोकळीतली माती पाण्याच्या फवाऱ्याने काढा. मकगाडिकगाडीसारख्या मिठागरी सपाटीवरून आली असेल तर ती माती खारी असते, आणि महिनाभर बंद कंटेनरात दमट हवेत तिने केलेलं नुकसान गोव्यातल्या दोन पावसाळ्यांएवढं असतं. न्हावा शेवाला उतरल्यावर कार्नेवर भारतात परत आल्याचा शिक्का घ्या, त्या पानाची प्रत काढा आणि मूळ पुस्तक मुदतीच्या आत मुंबईला जमा करा. त्याशिवाय तारण सुटत नाही.